गरम आमेन

आमच्या टेबलावर एका बाईकडे एकच रंग असतो. मार्था गॉडबीकडे कातडीचा गुलाबी, हेप्सीकडे निळा, दाराजवळ बसणाऱ्या दोघी बहिणींकडे पिवळा आणि हिरवा, आणि माझ्याकडे लाल. खालच्या प्रेसवर छापलेला कागद मार्थापासून निघतो आणि एकेकीच्या हाताखालून सरकत माझ्यापर्यंत येतो. मी नाकं रंगवते. शिपायांचे कोट आणि सरदारणींचे गालही रंगवते, पण आमच्या दुकानात खप नाकांचा. मंत्र्याचं नाक, डॉक्टरचं नाक, वकिलाचं नाक. आठ वर्षांत इतकी नाकं लाल केली आहेत, की नवा माणूस भेटला की त्याचं बोलणं ऐकायच्या आधी माझी नजर त्याच्या नाकावर जाते.

दुकान मिसेस डन्स्टन यांचं. लंडनच्या स्ट्रँड रस्त्यामागच्या गल्लीत, रस्त्यावर मोठी खिडकी, आणि खिडकीच्या प्रत्येक तावदानात एकेक चित्र. ज्यांना विकत घेणं परवडतं ते आत येतात, ज्यांना परवडत नाही ते बाहेर उभे राहून फुकट हसतात. मालकीणबाई बाहेरच्यांवर कधी चिडत नाहीत. खिडकीपुढे माणसांच्या किती रांगा आहेत यावरून त्या ठरवतात, चित्र आणखी छापायचं की नाही. दोन रांगा म्हणजे बरं, तीन म्हणजे चांगलं. चार रांगा लागल्या की त्या टोपीची नाडी सोडून खुर्चीत बसतात आणि म्हणतात, "देव आहे गं!"

देवाचं खातं आमच्या घरी माझ्या वडिलांकडे होतं. वडील, अँब्रोज पर्किस, आमच्या पॅरिशच्या चर्चमध्ये क्लार्क. पाद्रीसाहेब वर उंच व्यासपीठावर, आणि त्यांच्या पायाशी खालच्या डेस्कवर माझे वडील. प्रार्थना पाद्रीसाहेब म्हणणार आणि ती संपली की सगळ्यांच्या वतीने मोठ्याने "आमेन" म्हणणार माझे वडील. मग त्यांच्या मागून लोक. सव्वीस वर्षं त्यांनी हे एकच काम केलं. आवाज असा, की मागच्या बाकावर पेंगणारी मंडळी दचकून ताठ बसायची. डाव्या गालावर वाटाण्याएवढा मस, आणि नाक भलं मोठं. तेच नाक माझ्याही वाट्याला आलं आहे, म्हणून त्याबद्दल जास्त बोलत नाही.

त्या जानेवारीत थंडी अशी होती की चर्चमधलं बाप्तिस्म्याचं पाणी गोठलं. वडील घरून निघताना चुलीतला गरम बटाटा लोकरीत गुंडाळून कोटाच्या खिशात ठेवायचे, हात शेकायला. निम्मं लंडन ठेवतं. त्या रविवारी ते न्याहारी न करता गेले होते आणि पाद्रीसाहेबांचं प्रवचन काही केल्या संपेना. तासभर झाला, सव्वा तास झाला. खिशात बटाटा. वडिलांनी मान खाली घातली, डेस्कच्या आड बटाटा सोलला आणि निम्मा तोंडात घातला. आणि नेमके त्याच क्षणी पाद्रीसाहेब थांबले, छोटीशी प्रार्थना म्हणाले, आणि गप्प झाले. आमेनची वेळ!

बटाटा आतून निखारा. गिळता येईना, थुंकता येईना. वडिलांनी तोंड उघडलं आणि "आ" म्हणाले. पुढचं "मेन" म्हणायला ओठ मिटायला हवेत, आणि ओठ मिटले तर जीभ भाजणार. म्हणून ते म्हणतच राहिले, "आ... आ... आऽऽ...", डोळ्यांतून घळाघळा पाणी. आणि सगळ्या चर्चने, काय त्यांना वाटलं कोण जाणे, उभं राहून त्यांच्यामागून म्हटलं, "आ... आ... आऽऽ..."

रात्रीच्या जेवणाला वडिलांनी हे सांगितलं तेव्हा मी टेबलावर डोकं टेकून हसले. आई गेल्यापासून आम्ही दोघंच. रोज जेवताना ते दिवसभरातलं काही ना काही सांगायचे. सांगण्याची त्यांना हौस आणि कला दोन्ही. पण त्या दिवशी हसता हसता ते मध्येच थांबले.

"बाहेर पडताना म्हाताऱ्या मिसेस व्हिटलोनं माझा हात धरला, लेटी. म्हणाली, मिस्टर पर्किस, इतकं कळवळून म्हटलेलं आमेन मी जन्मात ऐकलं नव्हतं. माझा मुलगा गेला त्यानंतर आज पहिल्यांदा रडले."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? तोंड भाजलेलं." ते पुन्हा हसले, पण जरा कमी. "कुणाला सांगू नकोस हं बाळ. त्या बाईला कळलं तर फार वाईट होईल. ही गोष्ट आपल्या दोघांतच राहू दे."

"वेडे आहात का बाबा? मी कशाला सांगू?"

असं म्हणाले मी. अगदी मनापासून म्हणाले.

मंगळवारी दाट धुकं होतं. कोळसा ओला, बशांमधला रंग थिजलेला, हेप्सीच्या बोटांना कापरं. समोर एका लॉर्डचं चित्र होतं, तेच पाच दिवस चाललेलं, त्याच्याकडे पाहून आता हसू सोडा, जांभईसुद्धा येत नव्हती. मार्था म्हणाली, "लेटी, काहीतरी बोल गं. नाहीतर मी इथेच मरेन आणि मलाच गुलाबी रंगवावं लागेल."

लोकांना हसवायची खोड मला वडिलांकडूनच आली. कुणी म्हटलं बोल, की माझ्याच्याने राहवत नाही. मी म्हटलं, "एका चर्चमध्ये एक क्लार्क होता..." वडील म्हणाले नाही, आमचं चर्च म्हणाले नाही. एवढी अक्कल होती. गोष्ट सांगून थांबले असते तरी चाललं असतं. पण मी उठले, ब्रशच्या डब्यातला चिंध्यांचा गोळा तोंडात कोंबला, डोळे वटारले आणि "आ... आऽऽ..." केलं. मार्था खुर्चीवरून खाली पडली. दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात. निळ्या रंगाची बशी सांडली.

आणि जिन्यावरून कुणीतरी हसलं. मिस्टर वेल होते.

मिस्टर नॅथॅनियल वेल म्हणजे आमच्या दुकानाचे चित्रकार. वाळकुडा, सज्जन माणूस, शाईने काळी बोटं. ते खेळायच्या पत्त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढायचे आणि मग तांब्याच्या पत्र्यावर उतरवायचे. ते पाच मिनिटं जिन्यावर उभे होते म्हणे.

"पुन्हा करा," ते म्हणाले आणि खिशातून पत्ता काढला. "मिस पर्किस, परत एकदा. त्याचं तोंड कसं झालं होतं?"

आता सांगते ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. मला अभिमान वाटला. आठ वर्षं मी दुसऱ्यांच्या चित्रांत लाल भरत होते, आणि आज मिस्टर वेल माझं पाहून काढत होते. मी परत केलं. नीट, उजेडाकडे तोंड करून.

"आणखी काय?" त्यांनी विचारलं. "चेहऱ्यावर काही खूण? लोकांना एखादी खूण लागते."

मी ब्रश लाल रंगात बुडवला आणि डाव्या गालावर एक ठिपका दिला.

"वा!" मिस्टर वेल म्हणाले.

"कुठल्या चर्चमधला हा?" हेप्सीने विचारलं.

"कुठला तरी," मी म्हटलं. "ऐकीव आहे."

शुक्रवारी सकाळी ओले कागद वर आले. खाली सुंदर अक्षरांत नाव: 'गरम आमेन'. मार्थाने गुलाबी दिला, हेप्सीने निळा दिला, आणि कागद माझ्यापुढे आला. मी नेहमीप्रमाणे फक्त नाक पाहायचं म्हणून पाहिलं, आणि ते माझंच नाक होतं. माझं म्हणजे वडिलांचं. मिस्टर वेलनी आयुष्यात माझ्या वडिलांना पाहिलं नव्हतं. त्यांनी माझा चेहरा काढला होता, फक्त तीस वर्षांनी म्हातारा केला होता. डेस्क, तोंडातला बटाटा, वाफ, डोळ्यांतलं पाणी. आणि मागे सगळी माणसं रुमालांत डोळे पुसत उभी. त्यांतल्या एका म्हातारीच्या तोंडातही बटाटा दाखवला होता.

आणि गालावर मस. पण उजव्या गालावर!

त्या मसाने मला दोन दिवस जगवलं. पत्र्यावर जे डावीकडे काढाल ते कागदावर उजवीकडे उमटतं. म्हणून चांगला कारागीर आधीच सगळं उलटं काढतो. मिस्टर वेल अक्षरं उलटी काढत, पण घाईत असले की चेहरे तसेच ठेवत. मी स्वतःची समजूत घातली. मस चुकीच्या बाजूला आहे, म्हणजे हे बाबा नाहीत. कुणी ओळखणार नाही. असं म्हणत म्हणत मी त्या दिवशी पन्नास नाकं लाल केली.

शनिवारी खिडकीपुढे तीन रांगा होत्या.

रविवारी मी चर्चच्या गॅलरीत बसले होते. पहिल्या आमेनला पुढच्या बाकांवर खसखस पिकली. दुसऱ्याला लोकांनी रुमाल तोंडाला लावले. माझ्या वडिलांची नजर अधू, दहा पावलांपलीकडचे चेहरे त्यांना दिसत नाहीत. घरी येताना ते खुशीत होते.

"आज लोक फार प्रसन्न होते, नाही?" ते म्हणाले. "थंडी उतरली की माणसं मोकळी होतात."

मी त्यांचा हात धरून चालत होते. त्यांना खरं सांगायला हवं होतं, मला माहीत होतं. मी म्हटलं, "हो बाबा."

सोमवारी मी मिस्टर वेलना जिन्यावर गाठलं.

"तो पत्रा मोडा," मी म्हटलं.

"काय झालं?"

"ते माझे वडील आहेत."

त्यांचा चेहरा पडला. ते बोटांवरची शाई चोळू लागले. "देवा रे! मिस पर्किस, मला वाटलं... तुम्हीच म्हणालात ऐकीव."

"म्हणाले."

"पत्रा माझा नाही. मालकीणबाईंचा आहे."

मग आम्ही दोघं मालकीणबाईंकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या वाईट नाहीत, हे मला आजही म्हणावं लागतं. त्यांनी मला बसायला सांगितलं, आणि वाईनचा पेला पुढे केला.

"लेटी, माझ्याकडे ड्यूक येतात," त्या म्हणाल्या, "रडत येतात. म्हणतात, मिसेस डन्स्टन, बायको घरात घेत नाही, हे चित्र काढून टाका. मी त्यांना काय सांगते? सांगते, महाराज, मी काढलं तर समोरच्या चौकातला तो मेला दुकानदार लावेल. माझं बंद झालं म्हणून लोकांचं हसणं थोडंच बंद होतंय?"

"माझे वडील ड्यूक नाहीत, मालकीणबाई. त्यांनी कुणाचं काय केलंय?"

"तेच तर," त्या म्हणाल्या. "ड्यूकवर हसून लोक कंटाळलेत गं. हा बिचारा कुणी नाही, म्हणून किती गोड वाटतो."

खिडकीपुढे तोवर चार रांगा झाल्या होत्या. मालकीणबाईंचा हात टोपीच्या नाडीकडे गेला, मग माझ्याकडे पाहून त्यांनी तो खाली घेतला.

मिस्टर वेलनी मात्र माझ्यासाठी एक केलं. मालकीणबाईंना न विचारता त्यांनी पत्र्यावरचा मस घासून काढला आणि नाक जरा बारीक केलं. बुधवारचे कागद वर आले तेव्हा त्यांवरचा माणूस कुणीही असू शकला असता. मिस्टर वेल जिन्यावरून माझ्याकडे बघत होते. मी मानेनेच आभार मानले. त्या दिवशी मी घरी जाताना वडिलांसाठी दोन भाजलेली सफरचंदं घेतली.

गुरुवारी समोरच्या चौकातल्या दुकानात आमची नक्कल लागली. असं नेहमीच होतं. एखादं चित्र चाललं की ते लोक आमचा कागद विकत घेऊन जसाच्या तसा आपल्या पत्र्यावर गिरवतात. त्यांनी आमचा पहिला कागद गिरवला होता, मस असलेला, मोठ्या नाकाचा. आणि गिरवलेलं छापलं की पुन्हा बाजू उलटते. हेप्सीने तो कागद दुपारी वर आणला आणि माझ्यासमोर ठेवला. "बघ बघ, मेल्यांनी कसा चोरलाय!"

मस डाव्या गालावर होता. मिस्टर वेलनी घाईत जे उलटं केलं होतं ते चोरांनी सरळ करून दिलं. माझे वडील, हुबेहूब, जसे माझ्यासमोर जेवायला बसतात तसे.

शुक्रवारी एक गृहस्थ आमचा कागद परत घेऊन आले. "बाई, तुम्ही मला नकली चित्र विकलंत," ते मालकीणबाईंना म्हणाले. "खऱ्याच्या गालावर मस आहे. मी स्वतः चर्चमध्ये जाऊन पाहून आलो."

मालकीणबाई मिस्टर वेलवर कधी ओरडत नसत. त्या दिवशी ओरडल्या. आणि मिस्टर वेलनी मान खाली घालून मस परत बसवला, नाक परत फुगवलं. या वेळी त्यांनी घाई केली नाही. मस डावीकडेच उमटेल असा काढला. मालकीणबाईंनी नमुन्याचा कागद स्वतः रंगवून वर पाठवला. मस लाल होता, म्हणजे तो रंगवायचं काम माझ्याकडे.

मी चिडले नाही का? चिडले. शनिवारी मी वीस नाकं फिकी ठेवली, नुसतं पाणी फिरवलं. संध्याकाळी ती वीसच्या वीस परत माझ्यापुढे आली. मार्था हळूच म्हणाली, "लेटी, तू नाही केलंस तर लाल हेप्सीकडे जाईल. ती रेषेबाहेर जाते. तुझ्या वडिलांचं तोंड आणखी वाईट दिसेल." एव्हाना सगळ्या टेबलाला कळलं होतं. मार्थाचं म्हणणं खरं होतं, म्हणून मी ब्रश उचलला.

पुढच्या रविवारी वडील चर्चमधून आले तेव्हा त्यांच्या हातात एक बटाटा होता. लाल फीत बांधलेला. तो त्यांनी टेबलावर ठेवला.

"माझ्या डेस्कवर कुणीतरी ठेवला होता," ते म्हणाले. "आणि मिसेस व्हिटलो आज माझ्याशी बोलली नाही. मी हात पुढे केला, तिनं तोंड फिरवलं." मग म्हणाले, "लोकांना कसं कळलं गं, लेटी? मी तर डेस्कच्या आड होतो."

"कुणीतरी पाहिलं असेल, बाबा."

"हो. पाहिलंच असेल कुणीतरी."

त्यांनी फीत सोडली, नीट गुंडाळली आणि मला दिली. म्हणाले, "चांगली आहे. वापर."

बुधवारी दुपारी मी खिडकीशी बसले होते. खाली गर्दीचा आवाज नेहमीसारखाच. सहज वाकून पाहिलं तर चौथ्या रांगेच्या मागे वडिलांची तपकिरी टोपी. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, किंवा ते स्वतःच विचारत विचारत आले होते. ते टाचा उंच करून बघत होते, पण त्यांना कुठून दिसणार? त्यांनी पुढच्या माणसाच्या खांद्याला हात लावला, "जरा जाऊ द्याल का, मला लांबचं दिसत नाही." तो माणूस वळला.

मी वर होते. हातात भरलेला ब्रश. खाली धावत गेले असते तर दहा पायऱ्या आणि एक दार. पण जाऊन काय करणार होते? डोळे झाकणार होते त्यांचे?

त्या माणसाने त्यांच्याकडे पाहिलं. मग चित्राकडे. मग पुन्हा त्यांच्याकडे. आणि त्याने मोठ्या अदबीने टोपी काढली, बाजूला झाला, आणि ओरडला, "वाट द्या रे, वाट द्या! साक्षात आलेत!"

चारही रांगा दुभंगल्या. वडील त्यांच्यामधून काचेपर्यंत गेले. नाक तावदानाला लागेल इतके वाकले. मग कुणीतरी सुरुवात केली, आणि सगळी गल्ली एका सुरात म्हणाली, "आ... आ... आऽऽ..."

माझे वडील सरळ झाले. लोकांकडे वळले, टोपी काढली आणि मान लववली. सव्वीस वर्षांची सवय. माणसं समोर उभी राहून काही म्हणू लागली की त्यांना मान लववावी लागते. लोकांनी टाळ्या पिटल्या. मग त्यांनी टोपी घातली आणि वर बघितलं, सरळ आमच्या खिडकीकडे. त्यांना दहा पावलांपलीकडे दिसत नाही. पण मी कुठे बसते ते त्यांना माहीत होतं.

त्या संध्याकाळी मी घरी गेले तेव्हा त्यांनी ताटं मांडली होती. मी दारातच रडायला लागले आणि सगळं सांगितलं. धुकं, मार्था, चिंध्यांचा गोळा, गालावरचा ठिपका. ठिपकासुद्धा सांगितला. ते उभे राहून ऐकत होते, हातात चमचा.

"लोक हसले?" त्यांनी विचारलं. "तू सांगितलंस तेव्हा. टेबलावर."

"हो, बाबा."

"खूप?"

"मार्था खुर्चीवरून पडली."

त्यांनी मान डोलावली. "छान सांगतेस तू. माझ्यावर गेली आहेस." मग म्हणाले, "बस, सूप गार होईल." ते माझ्यावर ओरडले असते तर मी त्यांचे पाय धरले असते.

क्लार्कची जागा जन्मभराची असते. तिथून कुणी काढू शकत नाही, हे त्यांनी मला लहानपणी मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. पाद्रीसाहेब घरी आले, म्हणाले, पर्किस, थोडे दिवस विश्रांती घ्या, दुसऱ्या कुणाला बसवू. वडील म्हणाले, नको साहेब, मग लोक म्हणतील पळाला. म्हणून ते जात राहिले. डेस्कवर दर रविवारी बटाटे असायचे, एकदा तर पाच. वडील ते बाजूला सरकवायचे आणि पुस्तक उघडायचे. खिशात आता काही ठेवत नसत. थंडीने बोटं सुजून फुटली तरी नाही. आमेन ते म्हणायचे, पण लहान, चटकन, लोकांना त्यात हसायला जागाच मिळू नये असं. मी गॅलरीत बसायचे आणि मला शेवटी शेवटी ऐकूही येईना.

चित्रं अडीच महिने विकली गेली. मग राजवाड्यातलं काहीतरी नवं प्रकरण निघालं आणि पत्रा मागच्या फळीवर गेला. लोक विसरले. मार्चच्या शेवटी डेस्कवरचे बटाटे बंद झाले. मला वाटलं, संपलं.

एप्रिलमधल्या एका रविवारी मी सर्दीने घरीच होते. दुपारी शेजारची मिसेस क्रिप्स खिडकीतूनच ओरडली, "लेटी, अगं तू कुठे होतीस? आज काय झालं माहीत आहे का?" आणि हसत हसत तिने सांगितलं. चर्चमध्ये एक कबूतर शिरलं होतं. ते सगळीकडे उडालं आणि शेवटी चर्चच्या कारभाऱ्याच्या विगवर जाऊन बसलं. तो लठ्ठ, गर्विष्ठ मिस्टर बॉडली! प्रार्थना चालू, त्याला हलता येईना. कबुतराने विगमधला एकेक केस उपटून घरटं करायला घेतलं. पाद्रीसाहेबांचा आवाज फुटला. "आणि तुझे वडील अगदी खाली, दोन हातांवर! त्यांना तर सगळं दिसलं असणार. त्यांनी आमेन म्हटलं ते कसं म्हटलं, त्यांनाच माहीत!"

सर्दी कुठल्या कुठे पळाली. मी उठले, चूल पेटवली, मांस गरम केलं, वडिलांची खुर्ची नीट ठेवली. हे ते सांगणारच. हे न सांगता त्यांना राहवणारच नाही. मिस्टर बॉडलीची मान कशी ताठ होती ते करून दाखवतील, कबूतर तर नक्कीच करतील, दोन्ही बोटांनी केस उपटत. दहा आठवडे आमच्या टेबलावर चमच्यांचाच आवाज होता. आज हसू. मी मिसेस क्रिप्सकडून ऐकलंय हे कळूच द्यायचं नाही, मी ठरवलं. पहिल्यांदा ऐकतेय असंच दाखवायचं.

ते आले. टोपी खुंटीला लावली. मी पाहिलं, त्यांच्या ओठांचा डावा कोपरा थरथरत होता. मस हलत होता. मला माहीत आहे तो कधी हलतो. ते खुर्चीत बसले, घास घेतला, आणि त्यांचे खांदे हलले. हसू दाबताना हलतात तसे.

"मग?" मी म्हटलं. जितकं सहज म्हणता येईल तितकं सहज. "आज काय झालं, बाबा?"

त्यांनी तोंड उघडलं. हात वर आला, बोटं चिमटीत, कबुतराच्या चोचीसारखी. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चिमटी तशीच हवेत राहिली. हळूहळू त्यांनी बोटं उघडली, हात खाली आणला आणि ब्रेडचा तुकडा उचलला.

"काही नाही, बाळ," ते म्हणाले. "नेहमीसारखंच."